डिस्पोजलच्या २४ व्होल्ट गाडीचा अल्टरनेटर रेग्युलेटर: बदलण्याआधी काय मोजायचे आणि बदलायचा कसा

प्रश्न असा: खानापूर तालुक्यात जांबोटीकडे चालणारा, लष्करी लिलावातून घेतलेला फोर बाय फोर ट्रक. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे गाडी २४ व्होल्टची. इंजिन चालू असताना बॅटरीवर २९.६ व्होल्ट दिसतात (२८ च्या आसपास हवेत), दर आठवड्याला पाणी घालावे लागते, हेडलाइटचे बल्ब टिकत नाहीत. इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर, म्हणजे त्याचे व्होल्टेज आवरणारा भाग, बदलून दिला, तरी आकडा तोच. आता दुसरा रेग्युलेटर कोणता घ्यावा, आणि तो घरी बसवता येईल का?

बसवता येईल. अल्टरनेटर खाली उतरवल्यावर ते दोन-तीन स्क्रूंचे काम आहे. पण दुसरा रेग्युलेटर एवढ्यात विकत घेऊ नका. जुना खराब असता तर नवा घातल्यावर आकडा हलला असता. दोन वेगळे रेग्युलेटर एकाच आकड्यावर येऊन थांबतात तेव्हा बहुधा दोन्ही धड असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचणारे व्होल्टेज चुकीचे असते. रेग्युलेटरला बॅटरी दिसत नाही, स्वतःच्या टर्मिनलवर आलेले व्होल्टेज तेवढे कळते. ते आणणाऱ्या वायरीत वाटेत १.४ व्होल्ट गळत असतील, तर २८.२ ला सेट केलेला रेग्युलेटर इमानेइतबारे बॅटरीवर २९.६ चढवणार. तुमचा आकडा या हिशेबात नेमका बसतो.

एक खुलासा आधीच. हे सगळे लिलावात निघून आरटीओकडे नोंद झालेल्या, खासगी मालकीच्या गाडीबद्दल आहे. सेवेतल्या गाडीला हात लावायचा अधिकार ईएमईच्या (लष्कराच्या यांत्रिक दुरुस्ती विभागाच्या) वर्कशॉपचा, तिथे त्यांचीच पद्धत आणि त्यांचेच पार्ट चालतात.

आत काय चालते

अल्टरनेटरच्या मधोमध फिरणाऱ्या रोटरवर तांब्याचे वेटोळे असते. त्याला दोन कार्बन ब्रश आणि दोन स्लिप रिंगांमधून करंट मिळतो आणि रोटर चुंबक बनतो. बाहेरच्या स्टेटरमध्ये तीन फेजचा एसी तयार होतो, तो सहा मोठे डायोड डीसी करून बी+ च्या बोल्टवर देतात. बऱ्याच अल्टरनेटरमध्ये आणखी तीन छोटे डायोड असतात. ते खास रोटरसाठी डी+ हा वेगळा पुरवठा तयार करतात, आणि डॅशबोर्डवरची चार्जिंगची लाइट याच डी+ ला जोडलेली असते. चावी फिरवल्यावर सुरुवातीचा थोडासा करंट त्या लाइटमधूनच रोटरला जातो. तो बल्ब उडाला असेल तर काही गाड्या इंजिन जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंगच धरत नाहीत, आणि लोक त्यासाठी रेग्युलेटर बदलत बसतात.

रेग्युलेटरचे काम एकच: व्होल्टेज ठरलेल्या आकड्याला पोचले की रोटरचा करंट तोडायचा, खाली आले की जोडायचा. हे सेकंदाला शेकडो वेळा होते. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर करंट तुटतच नाही आणि इंजिनच्या वेगाबरोबर व्होल्टेज ३२, ३४ असे चढत जाते. ट्रान्झिस्टर ओपन झाला तर चार्जिंग बंद. म्हणजे खरोखर मेलेला रेग्युलेटर बहुतेक वेळा या दोन टोकांपैकी एकाला सापडतो. रेस कमी-जास्त केली तरी २९.६ वर ठाम राहणारा रेग्युलेटर चांगले रेग्युलेट करतो आहे, फक्त चुकीच्या आकड्यावर. इंजिन ८०० वरून २,००० आरपीएमला नेऊन पाहा. आकडा जागचा हलला नाही, तर पुढची तपासणी वायरिंगपासून सुरू करा.

मोजायची सुरुवात मीटरपासून

स्वस्त मल्टीमीटरमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर जास्त आकडा दाखवू लागतो. बॅटरी कमी झाल्याची खूण स्क्रीनवर दिसत असेल तर मोजमाप सोडा, आधी ती बदला. शक्य असेल तर दुसऱ्या मीटरने ताडून पाहा. २९.६ म्हणून आलेल्या गाड्यांपैकी काही इथेच बऱ्या होतात.

मग गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेली बॅटरी १२.५ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर गोम रेग्युलेटरच्या बाहेर आहे. एखादी १०.५ दाखवत असेल तर तिचा एक सेल मेला आहे. अशा वेळी चार्जिंगचे २८ व्होल्ट बाराऐवजी अकरा सेलवर पडतात, प्रत्येकी अडीच व्होल्टांच्या वर, आणि दोन्ही बॅटऱ्या उकळतात. उघड्या सेलच्या बॅटरीला हायड्रोमीटर लावा. आपल्याकडच्या हवामानासाठी भरलेल्या ॲसिडची घनता पूर्ण चार्जला १.२४० च्या आसपास असते. सहा सेलांपैकी एकच ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी बदलायचीच.

डिस्पोजलच्या गाड्यांत सर्रास सापडणारा एक उद्योग इथेच पाहून घ्या. टेप, मोबाइल चार्जर, एलईडीच्या पट्ट्या १२ व्होल्टच्या मिळतात, म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट ओढलेले असतात. त्यामुळे खालची बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि वरची गरजेपेक्षा जास्त भरते. रेग्युलेटरला बेरीज २८ दिसते आणि तो समाधानी असतो. प्रत्यक्षात एकीवर १२.९ आणि दुसरीवर १५.१. पाणी एकाच बॅटरीचे कमी होत असेल तर हेच कारण धरा. तुमच्याकडे बेरीजच २९.६ आहे, म्हणून मूळ दोष हा नाही, पण अशी वायर असेल तर ती काढा आणि २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा. तो बाजारात सहज मिळतो. दहा अँपिअरचा पुरे.

आता इंजिन १,५०० आरपीएमला ठेवा, हेडलाइट आणि वायपर चालू करा, आणि चार ठिकाणी मोजा. मीटर डीसी व्होल्टवर.

पहिले, अल्टरनेटरचा बी+ बोल्ट ते बॅटरीचा प्लस. दोन्ही टोके प्लसवरच लावायची, म्हणजे मधल्या केबलमधली गळती थेट दिसते. ०.४ व्होल्टपर्यंत चालेल. जास्त असेल तर थिंबल (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) सैल आहे किंवा केबल आतून हिरवी पडली आहे.

दुसरे, अल्टरनेटरची बॉडी किंवा बी− चा बोल्ट ते बॅटरीचा मायनस. ०.२ च्या आत हवे.

तिसरे, डी+ ते बी+. यात फरक जेमतेम दोन-तीन दशांश असावा. डी+ एक व्होल्ट किंवा जास्त खाली असेल तर तीन छोट्या डायोडपैकी एखादा गेला आहे. डी+ वरून व्होल्टेज पाहणारा रेग्युलेटर मग ती तूट भरून काढतो आणि बी+ वर चढतो. सोबत चार्जिंगची लाइट मंद पेटलेली दिसते. ही मंद लाइट लोक दुर्लक्षित करतात, पण तिने निम्मे निदान सांगून टाकलेले असते. इथे डायोड प्लेट बदलायची, रेग्युलेटर नाही.

चौथे आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे: बॅटरीचा प्लस ते रेग्युलेटरचे सेन्स (ज्यावर त्याला व्होल्टेज कळते ते) किंवा इग्निशन टर्मिनल. चावी चालू ठेवून इथे ०.२ च्या वर काही दिसता कामा नये. जुन्या लष्करी गाडीत ही वायर बॅटरीपासून मेन स्विच, मग चावी, मग फ्यूज बॉक्स, मग डॅशबोर्डच्या मागचा एखादा गोल कनेक्टर, असा प्रवास करून अल्टरनेटरला पोचते. प्रत्येक जोडात ०.२, ०.३ गळले तरी बेरीज दीड व्होल्टाला जाते. कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्यूज होल्डरला गंज चढलेला नसेल तर नवल. तिथे १.४ च्या आसपास आकडा आला की शोध संपला.

त्याचा कायमचा उपाय म्हणजे २४ व्होल्टचा साधा चार पायांचा रिले, म्हणजे थोड्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. चावीवरून येणारी जुनी वायर रिलेच्या कॉइलला (८५ आणि ८६ पैकी एका पायाला, दुसरा अर्थला, म्हणजे मायनसला). बॅटरीच्या प्लसवरून ५ अँपिअरचा फ्यूज घालून दीड स्क्वेअर मि.मी.ची नवी वायर पाय ३० ला. पाय ८७ वरून रेग्युलेटरच्या सेन्स टर्मिनलला. फ्यूज बॅटरीच्या जवळ, एका वितीच्या आत. चावी बंद केली की रिले सुटतो, रेग्युलेटर रात्रभर बॅटरी खात नाही. सगळे जोड बदलत बसण्यापेक्षा हे अर्ध्या तासात होते आणि पुढे टिकते.

अल्टरनेटरपासून वेगळा, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) बसवलेला डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर आणखी एक जागा पाहा: त्या डब्याचे अर्थ. डबा ज्या पत्र्यावर स्क्रूने बसवला आहे तिथे रंगाचे चार थर आणि गंज असतो. डब्याचे अर्थ कच्चे झाले की त्याला व्होल्टेज कमी दिसते आणि तो चार्जिंग वाढवतो. डब्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१ च्या वर आकडा आला तर वेगळी अर्थ वायर ओढा. अशा काही डब्यांत लाखेने बंद केलेला ॲडजस्टिंग स्क्रू असतो. तो फिरवून २९.६ चे २८.२ करता येतात आणि पुष्कळ जण तसे करतात. मग कधीतरी कनेक्टर साफ होतो, गळती जाते, आणि बॅटरी २६.८ वर उपाशी राहू लागते. त्या स्क्रूला हात लावू नका.

शेवटी मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टाच्या वर एसी दिसला तर मोठ्या डायोडवर संशय घ्या. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजमध्ये डीसीलाच एसी म्हणून दाखवतात. टोके उलटी लावून पाहा. एका बाजूने पन्नास-साठ आणि उलट केल्यावर शून्य आले तर तो मीटर या कामाचा नाही.

रेग्युलेटरच गेला असेल तर

वरचे सगळे ठीक निघाले, आणि तरीही व्होल्टेज रेसबरोबर चढते किंवा चार्जिंग होतच नाही, तर अल्टरनेटर खाली उतरवा. जागेवर काम करायचा मोह टाळा. ट्रकला तो बहुतेकदा इंजिनच्या बगलेत, खाली असतो, हात पुरत नाही आणि ब्रश तिरपे बसून तुटतात.

बॅटरीचा मायनस आधी काढा. मेन स्विच बंद केला म्हणून भागत नाही, कारण मागच्या मालकांनी काही केबली स्विचच्या आधी जोडलेल्या असू शकतात, आणि बी+ च्या बोल्टवर पाना टेकला तर पाना वितळतो. वायरींचे फोटो काढा, प्रत्येकीला टेपची चिठ्ठी लावा. लष्करी गाडीत रेडिओत खरखर येऊ नये म्हणून काही केबलींवर तारेची जाळी असते, आणि अल्टरनेटरवर कपॅसिटर असतो. जाळी कापू नका, काही ठिकाणी तीच अर्थ असते. कपॅसिटरही परत बसवायचा आहे. रेडिओ नसला तरी तो रेग्युलेटरला झटक्यांपासून थोडाफार वाचवतो.

बेल्टचा ॲडजस्टर सैल करा, पट्टा काढा, खालचा लांब बोल्ट काढा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवला तर डोके गोल होत नाही. छोट्या डिझेल गाड्यांना अल्टरनेटरच्या पाठीमागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. तिथे तेलाची नळी आणि ओ-रिंगही सुटतात, आणि परत बसवताना ओ-रिंग नवी घालावी लागते. त्या पंपाचे सील गळत असेल तर ब्रशवर तेल येते आणि नवा रेग्युलेटरही फार दिवस टिकत नाही. एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकला ही भानगड नाही.

टेबलावर घेतल्यावर पहिली नोंद प्लेटवरची: २८ व्होल्ट आणि किती अँपिअर. मग मीटर ओहमवर घेऊन बी− बोल्ट आणि बॉडी यांच्यात मोजा. तिथे जोड दिसला नाही तर अल्टरनेटर इन्सुलेटेड रिटर्नचा आहे, म्हणजे मायनस बॉडीला जोडलेला नाही. लष्करी आणि काही व्यापारी गाड्यांत असा असतो. त्याला साधा, पाठीवरून अर्थ घेणारा रेग्युलेटर लावला तर बॉडी मायनस होऊन बसते, आणि ते ज्यासाठी वेगळे ठेवले होते ते सगळे वाया जाते.

ब्रश होल्डर बहुतेक रेग्युलेटरलाच जोडलेला असतो. दोन किंवा तीन स्क्रू काढून तो सरळ मागे ओढायचा. ब्रश किती बाहेर येतात ते पाहा. ५ मि.मी.च्या खाली गेले असतील तर चार्जिंग न होण्याचे कारण तेच, रेग्युलेटर कदाचित चांगला आहे. ब्रश बोटाने दाबा, स्प्रिंगने लगेच परत यायला हवा. ओढ्यातून गाडी घातल्यावर खानापूरची तांबडी माती होल्डरमध्ये सुकते आणि ब्रश आत अडकून बसतो. मग चार्जिंग कधी होते, कधी नाही. तंबाखूची आणि उसाच्या हंगामातली धूळ हेच काम सावकाश करते. होल्डर इलेक्ट्रिकल क्लीनरने धुवा. डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, मागे राहणाऱ्या तेलकट थराला कार्बनची पूड चिकटते आणि दोन रिंगांमध्ये गळती सुरू होते.

स्लिप रिंग काळ्या पडल्या असतील तर शून्य नंबरच्या काचपेपरने, रोटर हाताने फिरवत पुसा. एमरी कापड नको, त्याचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश झिजवतात. बोटाला खाच लागत असेल तर रिंग लेथवर हलकी काढावी लागते किंवा रिंग बदलावी लागते. खाचेत बसवलेला नवा ब्रश कडेवर चालतो आणि लवकर संपतो.

दोन रिंगांमधला रोटरचा रेझिस्टन्स मोजायला विसरू नका. २४ व्होल्टच्या रोटरला साधारण ८ ते १५ ओहम, १२ व्होल्टच्याला ३ ते ५. मीटरच्या वायरींचा स्वतःचा अर्धा ओहम वजा करा. २४ व्होल्टच्या रोटरला ४ ओहम आले तर वेटोळे आतून शॉर्ट आहे. तो दुप्पट-तिप्पट करंट ओढतो, रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर जाळतो, आणि नवा रेग्युलेटरही जाळणार. जुना का गेला हे कळल्याशिवाय नवा घालू नये, ते याचसाठी. रिंग आणि रोटरचा लोखंडी भाग यांच्यात मात्र काहीच जोड दिसता कामा नये.

नवा निवडताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. व्होल्टेज २८ चे (दिसायला सारखा १४ चा रेग्युलेटर शेजारच्याच डब्यात असतो). टर्मिनलांची संख्या आणि नावे. स्क्रूंच्या भोकांतले अंतर आणि ब्रशची जाडी-रुंदी. आणि चौथी, जी दुकानात कोणी विचारत नाही: तो रोटरच्या कुठल्या बाजूला करंट तोडतो. एका प्रकारात रोटरचे एक टोक कायम प्लसला असते आणि रेग्युलेटर मायनसच्या बाजूने तोडतो, दुसऱ्यात एक टोक कायम अर्थला आणि रेग्युलेटर प्लस देतो. चुकीचा प्रकार लागला तर चार्जिंग शून्य तरी होते किंवा बेफाम तरी. मीटरने जुन्या होल्डरवर पाहा: एक ब्रश थेट डी+ ला जोडलेला दिसला तर पहिला प्रकार, थेट बॉडीला किंवा बी− ला दिसला तर दुसरा. जुना रेग्युलेटर सोबत नेऊन शेजारी ठेवूनच घ्या, बेळगावात घ्या नाहीतर कोल्हापुरात. फोनवर गाडीचे नाव सांगून मागवलेला पार्ट निम्म्या वेळा बदलून आणावा लागतो, कारण लिलावापर्यंत आलेल्या गाडीवर मूळ अल्टरनेटर असेलच याची खात्री नसते.

बसवण्याआधी टेबलावर चाचणी

ही चाचणी साध्या डी+ प्रकारच्या रेग्युलेटरला लागू पडते आणि नवा-जुना दोन्ही त्यातून काढावेत. दोन ब्रशांच्या मध्ये २४ व्होल्टचा १० वॅटचा बल्ब जोडा, तोच रोटरची जागा घेतो. रेग्युलेटरच्या डी+ ला दोन बॅटऱ्यांचा प्लस, त्याच्या बॉडीला मायनस. बल्ब पेटला पाहिजे, कारण २५ व्होल्टला रेग्युलेटरने रोटर चालू ठेवायचा असतो. आता सिरीजमध्ये जुन्या मोटरसायकलची ६ व्होल्टची बॅटरी वाढवा. ३१ च्या वर व्होल्टेज गेले की बल्ब विझला पाहिजे. दोन्ही वेळा पेटलेला राहिला तर शॉर्ट, दोन्ही वेळा विझलेला तर ओपन. बदलता पॉवर सप्लाय असेल तर हळूहळू वाढवून नेमका कुठल्या आकड्याला विझतो ते लिहून ठेवा. २७.६ ते २८.४ मध्ये विझणारा चांगला. बॅटरीच्या बेरजेच्या जोडांना टेप गुंडाळा आणि जवळ ठिणगी नको, भरलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

बसवताना रेग्युलेटरची पाठ आणि अल्टरनेटरची बैठक ब्रशने चकाकेपर्यंत साफ करा. ज्या रेग्युलेटरची पाठ धातूची आहे त्याची उष्णता आणि कित्येकदा अर्थ याच बैठकीतून जाते. पातळ थर हीट सिंक पेस्टचा चालेल, ग्रीस नको. होल्डरला बारीक भोक असेल तर ब्रश आत दाबून त्यात पिन अडकवा, रेग्युलेटर बसल्यावर पिन ओढा. भोक नसेल तर होल्डर थोडा कलता धरून आधी एक ब्रश, मग दुसरा रिंगवर टेकवत सरळ करायचा. जोर लागत असेल तर थांबा, ब्रश अडला आहे. स्क्रू छोटे असतात आणि ॲल्युमिनियमच्या आट्यांत जातात, म्हणून स्क्रूड्रायव्हरने हातघट्ट एवढेच. रोटर हाताने फिरवा, सळसळ ऐकू येईल, पण अडकता कामा नये.

पट्टा अंगठ्याने मधोमध दाबल्यावर १० ते १२ मि.मी. खाली जावा. सैल पट्टा लोडवर घसरतो आणि ‘चार्जिंग कमी’ ही तक्रार परत येते, जास्त ताणलेला बेअरिंग खातो. बी+ च्या नटाखाली स्प्रिंग वॉशर हवाच. मायनस सर्वांत शेवटी.

चालू करून पाहणे

चावी चालू, इंजिन बंद: चार्जिंगची लाइट पेटलीच पाहिजे. याच वेळी अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगच्या टोकाजवळ स्क्रूड्रायव्हरचे पाते न्या. ते ओढले गेले तर रोटरला करंट पोचतो आहे, म्हणजे ब्रश, रिंग, रोटर आणि रेग्युलेटर ही साखळी जुळली. ओढ नसेल तर इंजिन सुरू करून उपयोग नाही, आधी लाइटचा बल्ब आणि डी+ ची वायर पाहा.

इंजिन सुरू केल्यावर लाइट विझावी आणि १,५०० आरपीएमला बॅटरीवर २७.६ ते २८.४ यावे. बॅटऱ्या उतरलेल्या असतील तर सुरुवातीला २६ च दिसेल आणि सावकाश चढेल, त्याला दोष समजू नका. खरे तर पूर्ण उतरलेल्या बॅटऱ्या आधी बाहेर चार्जरवर भरून घ्याव्यात. ३५ अँपिअरचा अल्टरनेटर दोन मोठ्या रिकाम्या बॅटऱ्यांवर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालवला तर तो स्वतः तापून जातो. वीस मिनिटे चालवून गरम झाल्यावर परत मोजा. आकडा दोन-तीन दशांश खाली आला तर ठीकच आहे, बहुतेक रेग्युलेटर उष्णतेत मुद्दाम थोडे उतरतात. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात दुपारी २७.५ आणि चोर्ल्याच्या घाटात थंडीच्या पहाटे २८.४ दिसले तर एकच रेग्युलेटर दोन्हीकडे बरोबर आहे. २८.८ च्या वर सतत राहिला तर सेलमागे २.४ व्होल्ट होतात, तिथून गॅस आणि पाणी उडणे वाढते. बल्बांचेही तेच: व्होल्टेज पाच टक्के चढले की फिलामेंटचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, आणि तुमचे २९.६ म्हणजे २८.२ पेक्षा जवळजवळ पाच टक्के जास्त.

नवा रेग्युलेटर बसवल्यावर तो मरतो कशाने? पहिला नंबर लागतो इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ पाहण्याच्या सवयीचा. डायनामोच्या काळात ते खपून जाई. अल्टरनेटरला बॅटरीचा आधार सुटला की क्षणभर शंभर व्होल्टच्या वर झटका येतो आणि डायोड, रेग्युलेटर जे सापडेल ते जाते. मेन स्विचही इंजिन पूर्ण थांबल्यावरच बंद करायचा. दुसरे, वेल्डिंग. ट्रॉलीचा हूक किंवा चॅसिसचा ब्रॅकेट जोडताना बॅटरीची दोन्ही टोके आणि अल्टरनेटरची बी+, डी+ सुटी करा, आणि वेल्डिंगचे अर्थ कामाच्या जागेशेजारीच पकडा. तिसरे, १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरवरून केबल लावून २४ ची गाडी सुरू करायचा प्रयत्न, त्यात केबल उलटी लागली की डायोड प्लेट तिथल्या तिथे जाते. चौथे, प्रेशर पंपाने इंजिन धुणे. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून धुवा आणि नंतर पिशवी काढायला विसरू नका, नाहीतर हवा बंद होऊन तापतो.

तुमच्या ट्रकचा क्रम असा ठेवा: मीटरची बॅटरी, दोन बॅटऱ्यांचे वेगवेगळे व्होल्टेज, मग सेन्स वायरीतली गळती. गळती सापडली तर रिले लावून पुन्हा मोजा, आणि काढून ठेवलेला जुना रेग्युलेटर बल्बच्या चाचणीत पास झाला तर गाडीत सुटा पार्ट म्हणून ठेवून द्या. बॅटरीतले पाणी सगळ्या सेलांत सारखे भरून, फक्त डिस्टिल वॉटर वापरून, पातळीवर खूण करा. महिन्याने ती पाहा. एका महिन्यात पातळी पुन्हा बोटभर उतरली आणि चार्जिंग २८.२ च असेल, तर २९.६ वर काढलेल्या दिवसांत बॅटऱ्यांच्या प्लेटा झिजल्या आहेत. मग दोन्ही एकदम, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या बदला. एक नवी आणि एक जुनी सिरीजमध्ये लावली तर नवीही जुनीच्या गतीला जाते.